तलावातला शिंपी

नव्या वसाहतीला विरोध करायला अख्खी गल्ली बिल्डरच्या ऑफिसात घुसली. सगळ्यांत पुढे शिंपीकाका, कारण योजनेच्या ऐन मध्यावर त्यांचंच घर. टेबलावर वसाहतीचं मॉडेल मांडलं होतं. ते बनवलं होतं इथेच नोकरीला लागलेल्या काकांच्या लेकीने.

काकांनी वाकून आपलं घर शोधलं. घराच्या जागी निळाशार तलाव, आणि तलावाच्या मधोमध गळ्यात टेप अडकवलेला बोटभर माणूस.

“हा मी?”

“हो बाबा. साहेब घर काढून टाक म्हणाले, टाकलं. तुम्हाला काढायला हात धजेना.”

“अगं, पण मला पोहता कुठे येतं?”

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांच्या डोळ्यांदेखत तिने नखांनी तलाव खरवडायला घेतला.