गाडीचं माप

शिवशरणनं आपल्या धडधाकट आईला अंथरुणाला खिळवलं, आणि तेही एका दीड वीत लांबीच्या मोटारीपायी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी त्याची कीव करायची घाई करायला नको.

मंगळवार पेठेत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक फळी, एक काचेची पेटी आणि डोळ्याला लावायचं भिंग. पण हात असा बसलेला की गिरणीतले साहेबसुद्धा खिशातली घड्याळं त्याच्याकडंच पाठवायचे. त्या हाताला एक खोड लागली होती. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापायचा, मोडक्या घड्याळांचं पितळ कानशीनं घासायचं आणि त्यातून छोट्या मोटारी घडवायच्या. छोट्या म्हणजे पोरांनी सुतळी बांधून ओढायच्या तसल्या नव्हेत. हिचं दार उघडलं पाहिजे, स्टेरिंग फिरवलं की पुढची चाकं वळली पाहिजेत, दिव्यांना काच पाहिजे, आणि खऱ्या गाडीच्या एका फुटाला हिचा बरोबर एक इंच. केसाचा फरक त्याला चालायचा नाही.

पहिल्या दोन गाड्या त्यानं रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी नुसत्या डोळ्यानं मापून केल्या. दोन्ही चुकल्या. दुसऱ्या कुणाला ती चूक दिसली नसती, पण दुसरं कुणी बघणारं होतंच कुठं? सगळं कुलपात. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. एकदा शेजारच्या शिंप्याला त्याच्या पेटीत एवढंसं चाक दिसलं, तर म्हणाला, पोराच्या आधी खेळणंच तयार केलंस होय. आळी आठवडाभर हसत होती. तेव्हापासून शिवशरणनं मोटारीचं नाव तोंडातून काढलं नाही. घरात ते फक्त बायकोला, महादेवीला, ठाऊक होतं.

सन चौतीसची गोष्ट. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठता उठता त्याच्या आईला ताप भरला. घर लिंगायताचं; आई म्हणजे सावित्रम्मा. साठी उलटलेली, पण रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून तळ्यातल्या सिद्धेश्वराला पायी जाऊन यायची आणि आल्यावर सुनेला म्हणायची, तुझ्या अजून चार भाकरी व्हायच्यात वाटतं. तिचा ताप खरा होता. शिवशरणनं रामहरी डॉक्टरांना बोलावलं आणि डॉक्टर स्वतः फोर्ड चालवत आले. गाडी दारासमोर उभी राहिली.

डॉक्टर आत गेले. पोरं गाडीला हात लावतील, मी राखतो, असं म्हणून शिवशरण बाहेरच थांबला. खिशात सूत होतं. त्यानं ते गाडीच्या नाकापासून काचेपर्यंत धरलं आणि गाठ मारली. मग दाराची उंची, मग दिव्याचा घेर. एका चाकाला तीस तारा आहेत हेही मोजून झालं. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

ताप तीन दिवसांत उतरला. पण मापं निम्मीच झाली होती.

आता बघा, डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन 'साहेब, तुमची गाडी जरा मापू द्या' म्हटलं असतं की काम झालं असतं. रामहरी डॉक्टर काही वाघ नव्हते. पण तेवढं एक त्याच्यानं होईना. चाळिशीकडं झुकलेला बिनलेकराचा माणूस खेळण्यापायी गाडी मागायला आलाय, असं डॉक्टरांच्या मनात येईल, ह्या नुसत्या विचारानं त्याचे कान तापायचे. मग पठ्ठ्यानं काय करावं? दवाखान्यात जाऊन सांगितलं की आईला चक्कर येतेय.

आणि आईला येऊन सांगितलं, "अव्वा, तुझं तोंड लई उतरलंय. काल उठताना तुझा तोल गेला, तुला कळलं न्हाय."

लेक सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं सावित्रम्माला वाटलं. डॉक्टर आले. छातीत तर काही वावगं ऐकू येत नाही, ते म्हणाले, पण चक्कर येते म्हणतोस तर जपलेलं बरं. पुढच्या खेपेला शिवशरणनं ती पडली, आणि तिला ते आठवतही नाही, म्हणून सांगितलं. मग मात्र डॉक्टर गंभीर झाले. हृदय अशक्त झालं असेल, चालणं बंद, देऊळ बंद, अंथरुणावर पडून राहायचं. तेवढ्या वेळात शिवशरण बाहेर धुळीत पाठ टेकून गाडीखाली शिरला होता आणि पुढच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्या मोजत होता.

त्यातून वर काय व्हावं? जाताना एकदा डॉक्टर सावित्रम्माला म्हणाले की तुमच्या मुलाचं काळीज फार हळवं आहे, तुम्हाला तपासताना त्याला आत थांबवत नाही. म्हातारीचे डोळे भरून आले. साधा खोकला आला तरी माझा लेक मोटारीचा डॉक्टर आणतोय, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली. शिवशरण ते ऐकायचा. लाज वाटायची त्याला, वाटायची नाही असं नाही. पण मागचा आस अजून राहिला होता. पाचव्यांदा गाडी दारात आली तेव्हा तोही झाला.

फाल्गुनात मोटार पुरी झाली. घड्याळाच्या काचांचे दिवे, सायकलच्या रबराच्या धावा, दाराला नखाएवढी मूठ. भिंगातून बघितली तरी चूक सापडेना. त्या दिवशी तो आनंदात घरी आला आणि आईला म्हणाला, आता तू बरी दिसतेस, ऊठ, उद्या देवळाला जाऊन ये.

आई उठली नाही. उठवेचना तिला. दोन महिने पडून पडून पायांतलं बळ गेलं होतं, अर्धी भाकरीसुद्धा उरायची. पाय धरले तर हाताला नुसती हाडं लागली. तिनं आपलं ठेवणीतलं इरकल लुगडं महादेवीला देऊन टाकलं होतं, आणि त्याला जवळ बसवून शांतपणानं विचारलं, "मला पुरायला जागा बघितलीस का, शिवू? तळ्याकडची मिळाली तर बरं."

महादेवी चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली, नवऱ्याला ओसरीवर घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजच्या आज तुमी सांगा. न्हायतर मी सांगते."

त्यानं सांगितलं. कुलूप काढून मोटार आणली, आईच्या गोधडीवर ठेवली आणि पहिल्या सुतापासून शेवटच्या गाठीपर्यंत सगळं ओकला. चक्कर खोटी, पडणं खोटं, डॉक्टरांना सांगितलेलं सगळं खोटं. अव्वा, तुला काही झालेलं न्हाय.

सावित्रम्मानं सगळं ऐकून घेतलं. मोटारीवरून बोट फिरवलं, एक चाक फिरवून बघितलं. मग त्याच्या गालावर हात ठेवला.

"मला भ्या वाटू नये म्हणून असलं बोलतोस व्हय रे? एवढं पाप आपल्या अंगावर घेऊ नये, लेकरा. खेळण्यापायी आईला कोण आजारी पाडतंय?"

त्यानं गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घेतली. तशी तिनं घाबरून त्याचं तोंड दाबलं. आपल्यासाठी लेक लिंगाची खोटी शपथ घेतोय, म्हणजे आपले दिवस भरलेच, असं तिनं मनाशी धरलं. त्या दिवसापासून ती आंबीलसुद्धा नको म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवशरण मोटार फडक्यात गुंडाळून दवाखान्यात गेला. तिथं परगावची चार माणसं बसली होती, त्यांच्यादेखत त्याला डॉक्टरांपुढं उभं राहावं लागलं. काय काय केलं ते त्यानं मान खाली घालून सांगितलं. डॉक्टरांनी फडकं सोडलं, मोटार उलटी केली आणि पोटाखालच्या पट्ट्या, नळी, मागचा आस असं एकेक निरखत बराच वेळ बसले. आजवर त्याला ते 'अरे शिवशरण' म्हणायचे.

"गाडी दिवसभर ह्याच दारात उभी असते," डॉक्टर म्हणाले. "मागितली असती तर मी स्वतः तुमच्या हातात माप धरलं असतं."

त्या 'तुमच्या'नं शिवशरण अर्धा झाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

डॉक्टर लगेच निघाले, पण त्याला गाडीत बसवलं नाही. तो पायी घरी पोचला तेव्हा ते सावित्रम्मापाशी बसून तिला समजावत होते की बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही, मुलगा सांगतो ते खरं आहे. सावित्रम्मा हसली. म्हणाली, तुमीबी त्याच्याच बाजूचे की. तुमचं काळीजबी चांगलं हाय, डॉक्टर.

डॉक्टरांनी पुन्हा नळी कानाला लावली, छाती तपासली, पाठ तपासली, जीभ बघितली. मग कडू काढा गिळावा तसं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुमचं दुखणं मोठं होतं. मी लपवलं होतं तुमच्यापासून. पण आज ते गेलंय. मुलानं सेवा केली म्हणून वाचलात."

हे बोलताना त्यांनी शिवशरणकडं बघितलंसुद्धा नाही. पेठेत सगळ्यांना माहीत होतं, रामहरी डॉक्टर मरणाऱ्याला तोंडावर मरण सांगणारे. त्या माणसाच्या तोंडून एक खोटं निघालं ते शिवशरणपायी. गाडी सुरू करताना ते एवढंच म्हणाले की आता खरं कधी सांगू नका, सांगाल तर ती पुन्हा पडेल.

सावित्रम्मा त्याच दिवशी उठून बसली. संध्याकाळी आंबील मागितली, आठवड्यानं सुनेच्या खांद्याला धरून दारापर्यंत आली, आणि पाडव्याला तिघं मिळून सिद्धेश्वराला जाऊन आली. पाय पहिल्यासारखे काही झाले नाहीत. वाटेत चार ठिकाणी टेकावं लागायचं, ते कायमचंच झालं.

मोटार तिनं शिवशरणला परत दिली नाही. भिंतीतल्या देवळीत मांडली, विभूतीच्या वड्यांजवळ. ह्याच गाडीनं माझा डॉक्टर आणला, म्हणते, आणि रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला भस्म लावून झालं की तीच बोटं मोटारीच्या नाकावर ओढते. पेठेतल्या बायका ती बघायला येतात. मग सावित्रम्मा त्यांना बसवून सगळं सांगते, लेकानं मला वाचवायला लिंग हातात घेऊन खोटी शपथ घेतली, सगळं पाप आपल्या माथ्यावर घेतलं, असा लेक कुणाच्या पोटी यावा.

शिवशरण तेव्हा बहुतेक जेवायला बसलेला असतो. महादेवी भाकरी वाढते आणि त्याच्याकडं न बघता चुलीकडं वळते. तो ताटावर मान खाली घालतो, ती वर करत नाही, आणि त्याचे कान लालभडक होतात.

"बघा की," बायका एकमेकींना म्हणतात, "कौतुक केलं की कसा लाजतोय."