अंगानं भरलेली सून

घरात काही चांगलं झालं, की गोदाबाई त्याचं श्रेय कुणाला वाटून देत नसत. अकोल्याची आचल सून म्हणून वलगावात आली आणि वर्षभरात अंगानं भरली, तेव्हा तर विचारूच नका! गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली. जोडवी बोटांत रुतायला लागली, तर गोदाबाईंनी ती सोनाराकडून सैल करून आणली आणि भेटेल त्याला सांगितलं, "माह्या घरचं पाणी मानवलं पोरीले!"

आचल मात्र म्हणायची, सांधे दुखतात, उन्हात गेलं की गाल लाल होतात, लघवीला फेस येतो. गोदाबाई कानाआड करीत. नव्या सुनांचं काही ना काही दुखतच असतं, असा त्यांचा हिशेब.

एके सकाळी तिचे डोळे सुजून उघडेनात, तेव्हा गोदाबाईंचं धाबं दणाणलं. मुलगा नितेश दोघींना घेऊन अमरावतीला गेला. रक्त-लघवी तपासली, सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तोही तपासला.

"ल्युपस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोगाशी लढणारी आपलीच ताकद आपल्यावर उलटते. आधी सांधे, कातडी, आता किडनी. तिथली गाळणी सुजलीय. अंगातली प्रथिनं लघवीतून गळतात आणि पाणी अंगात साचतं. ते तुम्हाला बाळसं वाटलं. गाळणीवर कायमचे व्रण पडले, तर किडनी जाते. अजून तशी वेळ आलेली नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि सध्या मूल नको, या गोळ्या पोटातल्या बाळाला घातक आहेत."

सोनाराकडे हौसेनं मारलेली चक्कर आठवून गोदाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरानं आचलची गादी झटकताना त्यांच्या हाताला गोळ्या लागल्या. न घेतलेल्या.

"काहून वो पोरी?"

आचल खाली मान घालून म्हणाली, "शेजारची चंदाकाकू रोज इचारते, पायना कधी हालते म्हणून. तुमी बी तं नातवाची वाट पाहून राहिल्या ना, आई."

गोदाबाईंना भयंकर राग आला, पण काढणार कुणावर? नातवाचा घोष सगळ्यांत मोठ्यानं त्यांनीच लावला होता. त्यांनी आधी सुनेला दवाखान्यात नेलं, मग चंदाला गाठून चार शब्द सुनावले. तेव्हापासून गोळी त्या आपल्या हातानं द्यायला लागल्या, आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसत.

पुढच्या काही महिन्यांत सूज ओसरली. नवा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "गळती निम्म्याहून कमी झालीय. किडनी सावरतेय. हे असंच टिकलं, तर पुढे गोळ्या बदलू आणि मग बाळाचं बघू."

"किती दिवस?" आचलनं भीतभीत विचारलं.

"वर्ष, दोन वर्षंही लागतील."

आचलनं सासूकडे पाहिलंच नाही.

"लागू द्या," गोदाबाई म्हणाल्या. "नातू आला तं आनंदच हाये. नाई आला तरी चालते मले. ही पोरगी पाह्यजे."

इतक्या महिन्यांत आचल कुणासमोर रडली नव्हती. त्या दिवशी डॉक्टरांसमोरच सासूच्या खांद्यावर डोकं टेकून ती हुंदके देत राहिली, आणि गोदाबाईंनीही तिला उगी म्हटलं नाही.