स्वागताच्या दिवशी मी ओरडलो

"अपेक्षा, नालीचं पाणी उलटं येऊन रायलं. पोरीले घेऊन वर जाय," असं शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, तेव्हा अपेक्षाने ते हसण्यावारी नेलं होतं. म्हातारीला ऐकू येत नाही, म्हणून तिने मोबाईलमधला हवामानाचा पिवळा सूर्य त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. ऊन होतंही. पण पाऊस वर पातूरकडे झाला होता. तासाभरात मोर्णा नदीचं पाणी घरात शिरलं. अपेक्षाची छोटी खुशी खाटेवर झोपली होती आणि खाट हलायला लागली होती. तिच्या बाबांनी, नितेशने, तिला खांद्यावर बाहेर काढलं.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. तेव्हा मी बेबीताईंच्या भाजीच्या गाडीवर होतो. "भरताची वांगी घ्या, मेथी घ्या," असं अकोल्याच्या जुन्या शहरात दिवसभर ओरडायचो. त्या पुरात माझं तोंड तडकलं.

मग देशोदेशी आपत्तीनंतर माणसांना पुन्हा उभं करणारी एक संस्था आमच्या गल्लीत आली. तिने घरं सावरली, गल्लीची समिती केली. बेबीताईंनी मला समितीला दिलं. अपेक्षाने माझ्या चिरेवर लाल पट्टी चिकटवली. पूर आला तर वर कसं जायचं, याचा दर महिन्याला सराव व्हायचा आणि माझ्या आवाजावर पोरं टाळ्या वाजवायची. काय दिवस होते ते! पुढे सराव बंद पडला. मी शाळेच्या कपाटात खडूंच्या खोक्यांमागे पडून राहिलो. अपेक्षा तेवढी येऊन माझे सेल बदलायची आणि रोज दोनदा नालीत डोकवायची.

"हिले नालीचं याड लागलं," लोक म्हणत.

यंदा बातमी आली. त्या साऱ्या संस्थेच्या नव्या प्रमुख आपल्या अंजनगाव सुर्जीच्या रागिणीताई झाल्या होत्या. पानमळ्यात वाढलेली, भूकंपात आणि वादळात देशोदेशी राबलेली बाई. आणि पहिली भेट आमच्या गल्लीला! समितीचे किसनराव हरखून गेले. त्यांनी शाळेच्या अंगणात मांडव घातला, मोठाले स्पीकर आणले.

"हा फुटका भोंगा पाहुण्यायपुढे नोको," म्हणून त्यांनी मला टेबलाखाली सारलं.

दुपारी रागिणीताई आल्या. किसनरावांनी शाल उलगडली, तोच अपेक्षा खुशीला कडेवर घेऊन धावत आली.

"काका, नाली उलटी फिरली. कार्यक्रम थांबवा."

"दोन मिनिटं थांब वं माय, शाल तं होऊ दे."

"त्या वेळी मी थांबली होती, काका."

रागिणीताई उठल्या. "शाल मी मंग पांघरीन, भाऊ. पोरी, नाली दाखव मले." नाली पाहिली आणि त्यांनी आधी मांडवाची वीज बंद करायला लावली. स्पीकर मुके झाले. अपेक्षाने टेबलाखालून मला ओढलं.

मित्रांनो, मी असा कधीच ओरडलो नव्हतो. दार न दार उघडलं. आधी पोरं, मग म्हातारे, मग बाकीचे. अर्ध्या तासात गल्लीतली अडतीस घरं शाळेच्या माडीवर आली. अपेक्षाने माणसं मोजली. पुन्हा मोजली. गोदाबाई नव्हत्या.

त्यांच्या दारापुढे मी दोनदा ओरडलो होतो. त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

खुशी आईचा पदर सोडेना. अपेक्षाने तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला बेबीताईंच्या मांडीवर ठेवलं आणि ती निघाली. रागिणीताई मागोमाग गेल्या. मी अपेक्षाच्या खांद्यावर होतो. गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं. गोदाबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. हलवल्यावर उठून म्हणाल्या, "काहून वं, झाला का कार्यक्रम? मले पेढा ठेवला का नाही?"

दोघींनी हातांची गुंफण करून त्यांना उचललं. माडीवर पोचेतो पाणी गुडघ्यावर आलं होतं. त्या दिवशी आमच्या गल्लीतलं एकही माणूस गेलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तशा आधी कधी वाजल्या नव्हत्या. किसनराव शाल घेऊन आले. रागिणीताईंनी ती गोदाबाईंच्या खांद्यावर घातली आणि पहिला हुकूम तिथेच दिला. ज्या घरात माझा आवाज पोचत नाही, त्या घरासाठी एक माणूस नेमायचा. आता माझ्या मुठीवर चिठ्ठी आहे. 'गोदाबाई – अपेक्षा.'

मला टेबलाखाली टाकू नका, एवढं तर मी मागेनच. पण मित्रांनो, माझा आवाज ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, असं कोण तुमच्या शेजारी राहतं? हे वाचून झालं की उठा आणि त्यांचं दार वाजवा. उत्तर आलं नाही, तर आत जाऊन बघा.