वांद्र्याचं हॉटेल

"थांबव रे!" जानकीबाईंनी रिक्षावाल्याच्या पाठीत दोन बोटं टोचली. "हितंच उतरायचं."

"आई, वांद्र्याला जायचं ठरलं होतं ना?"

"ते तू ठरवलंस. लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणीसुद्धा आपण पीत नाही."

"माझ्या पगारातलं आहे गं."

"पगार लग्नानंतरचा ना? मग तो तुझ्या मुलुंडच्या सासरचा झाला. आणि त्या हॉटेलात म्हणे काट्याचमच्यानं मासा खातात. जेवायचं की ऑपरेशन करायचं?"

अनुपमा हसली नाही. जानकीबाई पदर खोचून पुढं झाल्या. मोठ्या हॉटेलात हातात वाचायला मेनूकार्ड देतात, आणि आपली शाळेतली मजल दुसरीपर्यंतची, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

घाटकोपरच्या चढावर धाकूची खाणावळ होती. संपात गिरणी बंद पडली तेव्हा त्यानं ती काढली. पहिला मसाला जानकीबाईंनीच भाजून दिला होता. टेबलं चार; एक रिकामं, बाकी तिन्हींवर ओळखीची तोंडं.

"बऱ्याच दिसांनी इलंस गो अनू!" धाकू ओरडला. "जावय खंय ठेवलंस?"

"आहेत. मजेत आहेत."

मागच्या टेबलावरून चाळीतले भाऊराव वळले. "गणपतीत दिसले नाहीत ते?"

"ऑफिसचं काम होतं, काका." उत्तर इतक्या झटकन आलं, की जणू घरून निघतानाच तयार करून आणलं होतं.

ताटं आली, भात आणि तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण. जानकीबाईंनी भात कालवला.

"हं, बोल आता. घरी तुझ्या वहिनीसमोर नको म्हणालीस, म्हणून तर बाहेर पडलो."

अनुपमानं तोंड उघडलं. मागं भाऊरावांचं चावणं थांबलं. मोरीपाशी धाकूची बायको कोथिंबीर निवडत होती, तिचाही हात थबकला.

"तिसऱ्या छान झाल्यात," अनुपमा म्हणाली.

तिसऱ्यांना तिनं बोटही लावलं नव्हतं.

जानकीबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी एकेक टेबल पाहिलं. सगळी आपली माणसं. अनूच्या लग्नात पंगतीला वाढायला उभी राहिलेली. वांद्र्याला यातलं कुणीच नसतं.

त्यांनी घास ताटात ठेवला आणि ताट पुढं सरकवलं.

"धाकू, उचल ही ताटं."

"काय झाला काकी? मीठ जास्त पडला?"

"मीठ बरोबर आहे. मला वांद्र्याच्या हॉटेलात जायचंय."

"आई, अगं..."

"तू गप. ही नकोच म्हणत होती. मलाच हौस आलीय."

भाऊराव मोठ्यानं हसले. "कमाल झाली, जानकीवहिनी! परवापर्यंत त्या हॉटेलवाल्यांची पिसं काढत होतात."

"म्हातारपणी जिभेला चटक लागली म्हणायचं. उद्या चाळभर सांगा, विसरू नका."

धाकूनं भरली ताटं उचलली. एरवी दारापर्यंत येणारा तो, आज आत निघून गेला. जानकीबाईंनी तिकडं बघायचं टाळलं, हात धुतले आणि लेकीला दंडाला धरून बाहेर काढलं.

रस्त्यावर येताच अनुपमाचा चेहरा कसनुसा झाला. "आई, तू तिथं काही खाणार नाहीस. पाणीही पिणार नाहीस."

"नाही पिणार."

"मग?"

जानकीबाईंनी येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"मी कुठं जेवायला येतेय?"