मजीदच्या पहिल्या बंदुकीचा दस्ता

मी बंदूक नाही. बंदुकीचा दस्ता आहे. नेम धरताना खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. नाव नळीचे होते, धक्का मी खातो. तक्रार नाही. ओळख करून दिली.

माझा जन्म ओमानचा. खाबुऱ्याला मजीदच्या वाडीत मी बोरीचे खोड होतो. साठ-सत्तर वर्षे सरळ उभा राहिलो. मग विहिरीचे पाणी खारे झाले, पाला गळाला. २०११ साली मजीदने झाड तोडले. तोडताना म्हणाला, हे लाकूड चुलीत जाणार नाही. शब्दाचा पक्का माणूस. वर्षभर मला सावलीत ठेवले.

पुढच्या वर्षी त्याने बंदूक घेतली. आयुष्यातली पहिली. वय एकसष्ट.

खरेदीच्या वेळी मी तिथे नव्हतो. पण ती हकिगत त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला पाठ आहे. निझव्याचा शुक्रवारचा बाजार. विकणारे बंदुका खांद्यावर घेऊन गर्दीतून फिरतात. मजीद चार शुक्रवार नुसता बघून परत आला. पोलिसांचा परवाना खिशात, तरी हात पुढे होईना. पाचव्या शुक्रवारी ही दिसली. जुनी इंग्रजी एकनळी. नळी स्वच्छ, पण दस्ता फुटका, तारेने आवळलेला. फुटका होता म्हणूनच त्याला परवडली. येताना त्याने तीनदा गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काम काही नव्हते. कापड सोडायचे, बघायचे, पुन्हा गुंडाळायचे.

घरी नसीबाने, त्याच्या बायकोने, विचारले, "या वयात काय मारणार आहात?"

"काही नाही."

"मग आणली कशाला?"

"ही परत द्यायची नाही."

तिला माहीत होते.

तुम्हाला सांगतो. तिकडे लग्नात पुरुष दोन रांगा करून उभे राहतात. ढोल वाजतात. एकेक जण पुढे येतो, तलवार किंवा बंदूक हवेत उडवतो आणि झेलतो. या नाचाला रझहा म्हणतात. मजीदच्या बापाची बंदूक अडचणीत विकली गेली होती. थोरल्या भावाने स्वतःची घेतली. मजीद चाळीस वर्षे भावाची मागून नाचला. ढोल थांबले की सगळ्या गावासमोर मैदान ओलांडून जायचे आणि ती भावाच्या हातात द्यायची. भाऊ वाईट नव्हता. फक्त हात पुढे करायचा.

आता मजीदच्या धाकट्या मुलाचे लग्न ठरले होते. त्याला आपली बंदूक घेऊन उभे राहायचे होते. तेवढेच.

नवा दस्ता करायला त्याने मला तानाजी मेस्त्रीकडे आणले. मेस्त्री कुडाळकडचा. खाबुऱ्याच्या बाजारात दारे-खिडक्या करायचा. गावी त्याच्या बापाची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दसऱ्याला तिची पूजा व्हायची. त्यामुळे बंदुकीतले आपल्याला कळते असा त्याचा समज. मजीद रोज स्वतः बंदूक घेऊन यायचा, स्टुलावर बसायचा आणि संध्याकाळी लोखंड घरी न्यायचा. लाकूड दुकानात राहायचे.

मेस्त्रीने मजीदचा हात कोपरापासून बोटापर्यंत मोजला. मान मोजली. गालाचे हाड चाचपले. मग रंधा, पटाशी, कानस. अकरा दिवस. शेवटी जवसाचे तेल. पाठीमागे मला मुद्दाम जाड ठेवले, धक्का लाकडात जिरावा म्हणून. शेजारच्या हार्डवेअरवाल्या सिराजला, तो दापोलीचा, म्हणाला, "खांद्याक लागूचा नाय. हत्ती मारल्यान तरी लागूचा नाय."

मी भरीव, वजनदार, चकचकीत झालो. मला स्वतःचा अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू?

लग्नाला नऊ दिवस होते. मजीदने वाडीत चुलतभावांसमोर बंदूक उडवली. नळी वर गेली. मी जड, मी खाली ओढले. हात एकीकडे, मी दुसरीकडे. दाणकन जमिनीवर आपटलो. कोपऱ्याचा टवका उडाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याच्या पायावर.

थोरला भाऊ खुर्चीवर बसून कॉफी पीत होता. म्हणाला, "माझीच घेऊन जा लग्नाला. तिला तुझ्या हाताची सवय आहे."

चुलतभाऊ हसले. मजीदने मला उचलले, धूळ पुसली आणि तडक दुकान गाठले. ओरडला नाही. बंदूक फळीवर ठेवली आणि म्हणाला, "झेलता येत नाही."

मेस्त्रीला कळेना. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. मेस्त्रीने मोडक्या हिंदीत विचारले, "अर्बाब, बंदूक झेलायची कशाला?"

"लग्नात उडवायला. तुमच्याकडे नाचत नाहीत?"

"नाचतो. बंदूक घरी ठेवून नाचतो."

सिराज दारात येऊन उभा होता. "सात वर्षं झाली तुला इथे, मेस्त्री. एक लग्न नाही पाहिलंस?"

"माका कोण बोलावता?" मेस्त्री म्हणाला.

मजीदला मराठी येत नव्हते, पण मेस्त्रीचा चेहरा त्याला वाचता आला. त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला आणि दुकानाच्या मधोमध उडवून दाखवला. वर, एक गिरकी, खाली, मुठीत. मेस्त्रीने झाडू पाहिला. मग मला पाहिले. कपाळावर हात मारला नाही, काही नाही. बंदूक बोटावर आडवी ठेवली. मी मागे कलंडलो. "पाठ जड," तो म्हणाला. "चूक माझी."

कारागिराने चूक कबूल करणे सोपे नसते. मला त्याबद्दल त्याचा आदर आहे. पुढे त्याने जे केले त्याबद्दल तेव्हा नव्हता.

त्याने माझ्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी काढली आणि गिरमिटाने माझ्या पोटात भोक पाडले. मग दुसरे. मग तिसरे. भुसा जमिनीवर पडत होता. तो माझाच होता. सत्तर वर्षे भरीव राहिलेल्याला पोकळ करणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला ठाऊक. बाहेरून काही दिसत नव्हते. मला माहीत होते.

प्रत्येक भोकानंतर बंदूक बोटावर ठेवायची. मग मागच्या अंगणात उडवायची. खाली मेस्त्रीने स्वतःची झोपायची गादी अंथरली होती. मी अठ्ठावीस वेळा त्या गादीवर पडलो. सिराज मोजत होता आणि दर वेळी विचारत होता, मेस्त्री आज निजणार कशावर. सातव्या दिवशी दुपारी मजीदने मला उडवले आणि मी खाली आलो तो थेट त्याच्या मुठीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मजीदने पुन्हा उडवले. पुन्हा मुठीत. तेव्हा मला समजले की मेस्त्रीने माझे वजन चोरले नव्हते. तोल दिला होता.

जाताना मजीद म्हणाला, "परवा लग्नाला ये. दोघेही या."

लग्न दुपारनंतर होते. मैदानात दोन रांगा. मेस्त्री इस्त्रीचा सदरा घालून कडेला, सिराजच्या शेजारी. मजीदची पाळी आली. त्याने मला उडवले. फार उंच नाही. खांदा एकसष्ट वर्षांचा. मी वरून पाहिले, मेस्त्रीने मान खाली घातली होती. तो बघत नव्हता, कान देऊन होता. पडल्याचा आवाज आला नाही तेव्हा त्याने मान वर केली.

मजीदने मला पाच वेळा उडवले आणि पाचही वेळा झेलले.

मग ढोल थांबले. आणि मजीद चालू लागला. मैदान ओलांडून, सरळ थोरल्या भावाकडे. चाळीस वर्षांची पायांची सवय. भावानेही सवयीने हात पुढे केला. मजीदने मला अर्धे पुढे केले, तेव्हा दोघांच्याही लक्षात आले. दोघे तसेच उभे राहिले. गाव बघत होते.

भावाचा हात माझ्यावर टेकला. टवका उडाला होता तिथे त्याचे बोट थांबले. "लाकूड आपल्या वाडीतले?" त्याने विचारले.

"हो."

"तोल चांगला आहे," भाऊ म्हणाला, आणि हात मागे घेतला.

मजीदने मला खांद्याला लावले आणि वळला. परत येताना त्याची चाल वेगळी होती. मी त्याच्या खांद्यावर होतो, मला ठाऊक आहे.

याला आता सहा वर्षे होतील. तानाजी मेस्त्री गावी गेला, कायमचा. मी मजीदच्या बैठकीत भिंतीवर असतो. महिन्यातून एकदा तेल मिळते. नळीतून त्याने आजवर एकही गोळी सोडली नाही.

आज सकाळी थोरल्या भावाचा जावई आला. सोहारला बंदरात कामाला आहे. स्वतःच्या भावाच्या लग्नात त्याला नाचायचे होते, बंदूक नव्हती. सासऱ्याकडे मागायला त्याला लाज वाटत होती. मान खाली घालून मजीदसमोर बसला. मजीद उठला, मला खाली काढले आणि म्हणाला, "चल. मैदानापर्यंत मी येतो. पण ढोल थांबल्यावर माझ्याकडे येऊ नकोस. माझी गाडी बाहेर उभी असेल. सगळे पांगले की तिथे आणून दे."

जावयाला कारण कळले नाही. मला कळले.

माझे मागणे एवढेच. कोणाला काही वापरायला द्याल तर द्या. पण परत घेताना चारचौघांत हात पुढे करू नका.

आत्ता मी जावयाच्या मुठीत आहे. ढोल सुरू झाले आहेत. मला वर जायचे आहे.