वाऱ्याचा आकडा

या, असे सतरंजीवर पुढं या. बुवा अजून उपरणं सारखं करतायत आणि पेटीवाला चहाला गेलाय, म्हणजे कीर्तनाला अवकाश आहे. तोवर मी एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, नळाची. पण देवळात बसूनच सांगावीशी वाटते.

दापोड्याच्या रस्त्याला गोदामं लागायच्या अलीकडे आमची वस्ती. लूमवाले, हमाल, माझ्यासारखे दोन-चार कारकून, सगळे एका नळावर. नळ कसला, बासरी! पाणी यायच्या आधी त्यातून नुसता वारा यायचा, फुस्स करून, बराच वेळ. मग करंगळीएवढी धार, आणि घागर भरते न भरते तोच बंद. वस्तीच्या तोंडाशी पाणीखात्याचा मीटर होता, आत चाक. ते चाक पाण्यावर जेवढं फिरायचं नाही तेवढं वाऱ्यावर गरगरायचं, आणि आकडा चढायचा. दुसरी लाइन मागायला गेलो की खात्याचे साहेब म्हणायचे, "तुम्हाला भरपूर पाणी जातं. आकडा बघा."

"साहेब, तो वारा हाय," आमच्या ठकुबाईनं तिथंच सुनावलं होतं. "वारा पिऊन दाखवा, मंग आमी गप बसतो."

"वारा येतो हे मलाही माहीत आहे, बाई. पण त्यातला वारा किती, पाणी किती? सांगा मोजून. मग देतो लाइन."

आता ते मोजणार कोण? तोवर बायका मोठा रस्ता ओलांडून गोदामाच्या विहिरीवर जायच्या, ट्रकांच्या मधून, डोईवर हंडे घेऊन. त्यातच हबीबाभाभी. गुडघे दुखायचे, तरी दिवसाला दोन खेपा. त्यांचा एकुलता मुलगा हाशिम एम.एस्सी. झालेला, कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. तो हंडा हातातून ओढून घ्यायचा, तर भाभी म्हणायच्या, "प्रोफेसर पानी भरतो म्हनून पोरं हसतील तुला. सोड."

देवळाचे स्पीकर मीच सांभाळायचो, म्हणून एक दिवस हाशिम माझ्याकडे आला. पंचाण्णव सालची गोष्ट. "प्रभाकरकाका, देवळातले फुटलेले स्पीकर हायत ना? त्यातले चुंबक पाहिजेत."

"अरे, देवाचा आवाज नेतोस?"

"आवाज ऱ्हाऊ द्या. नुसता चुंबक द्या."

त्यानं मला समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो. पाण्याच्या कणाकणात म्हणे एक बारीक भोवरा असतो. चुंबकासमोर आला की तो वळतो. कीर्तनात बुवांनी नामाचा गजर केला की सगळ्यांच्या माना कशा एका बाजूला डोलतात, तसे हे भोवरे. मग नळाभोवती तारेचं वेटोळं घालायचं आणि रेडिओसारखी लहर सोडून त्या भोवऱ्यांवर खूण करायची. पुढं दुसरं वेटोळं. खूण केलेलं पाणी तिथवर किती वेळात पोचलं ते बघायचं, की वेग कळला. पाण्यात काही घालायचं नाही, चाक नाही, पातं नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांत असली यंत्रं खोलीएवढी असतात. हाशिमनं ते जुन्या रेडिओच्या सामानात आणि माझ्या स्पीकरांत बसवलं. लोखंडातून चुंबकाचं काम होत नाही, म्हणून नळाचा एक तुकडा कापून तिथं प्लास्टिकचा घातला. वर एक काटा.

"आनि काका, खरी मजा ही," तो म्हणाला, "वाऱ्यात हे भोवरे नस्तातच म्हना. वारा कितीबी जाऊ दे, काटा उठनार न्हाय. पानी आलं तरच उठनार."

आधी घरीच त्यानं त्या प्लास्टिकच्या नळीत वरून हंडा ओतून दाखवला. काटा असा सरसर उठला, की भाभींनी हाताची बोटं कानशिलावर मोडून त्याची दृष्ट काढली. आणि मला म्हणाल्या, "बघा भाऊ, तुमच्या देवाचा स्पीकर आता आमच्या घरात खरं बोलतो."

साहेबांनी यायचं कबूल केलं, हे त्यांचं मोठेपण. सकाळी पाण्याच्या वेळेला आले. सगळी वस्ती नळाभोवती. दोन दिवस पाणी नव्हतं, पिंपं कोरडी, तरी भाभींनी माठाच्या तळाचं, होतं नव्हतं ते पाणी साहेबांच्या चहाला लावलं. आलं घालून.

नळ फुसफुसला. खात्याचं चाक भिरभिरायला लागलं. हाशिमचा काटा जागचा हलला नाही.

"बंद पडलंय तुमचं," साहेब म्हणाले.

"बंद न्हाय साहेब, गप्प आहे. वारा चाललाय. तेच तर दाखवायचंय."

"गप्प आहे की मेलंय, हे मला कसं कळणार?"

लोक हसले. ठकुबाईसुद्धा, जी त्याच्या बाजूची. "आरं हाशिम, काट्याला च्या पाज, थंडीनं आखडला आसंल!"

"पानी येऊ द्या, मग बघा," हाशिम म्हणाला.

आणि पाणी आलंच नाही. त्या दिवशी नुसता वारा आला. चाक आपलं मन लावून फिरत राहिलं, आकडा चढत राहिला, आणि तो खरं सांगणारा काटा माणसांत वेड्यासारखा पडून. कीर्तनात मी एवढं शिकलोय, की टाळी थांबली म्हणजे नाम थांबलं असं नव्हे. पण हे साहेबांना कसं सांगायचं?

"एक हंडा द्या कुनीतरी," हाशिम ओरडला. "वरचा जोड सोडून ओततो, आत्ता उठेल काटा!"

अहो, त्या सकाळी सगळे नळाशीच, विहिरीवर कुणी गेलंच नव्हतं; एवढ्या वस्तीत एक हंडा पाणी नव्हतं. शेवटचं होतं ते साहेबांच्या कपात.

"मी आनते," भाभी म्हणाल्या. "साहेब, थांबा हां. ही गेली आनि ही आली."

हाशिम यंत्रात हात घालून बसलेला, त्याला कळलंसुद्धा नाही. कुणी दुसरी का गेली नाही, हे मी पांडुरंगाला पुष्कळदा विचारलंय. सगळ्यांना बघायचं होतं, आणखी काय.

साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, घड्याळ बघितलं. "प्रोफेसर, वाईट वाटून घेऊ नका. गप्प बसणाऱ्या मीटरवर कुणी सही करत नाही," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. जीप मोठ्या रस्त्याला लागते तोच तिकडून बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. भाभी परतीच्या वाटेवर होत्या. हंडा भरलेला. ट्रक गोदामातून मागं येत होता.

पाय चेचला. हंडा चपटा झाला, आणि ते पाणी, ज्यात हाशिमचं सगळं शास्त्र खरं ठरायचं होतं, ते रस्त्याच्या धुळीत जिरलं.

दुसरी लाइन नामंजूर झाली. कारण काय, तर यंत्र चालत नाही आणि वस्तीला पुरेसं पाणी जातं. पुरावा म्हणून त्याच दिवसाचा आकडा जोडला होता. त्या वाऱ्याचा!

भाभी अंथरुणाला खिळल्या. बघायला येणारी माणसं चांगली होती, मनापासून सांगायची, "हाशिम, चुंबक बांध पायाला. चुंबकानं हाड जुळतं. घरात चुंबक असून आईला लावत न्हाईस?" तो आधी चिडायचा, समजावायचा. मग एक दिवस भाभीच म्हणाल्या, "लाव ना रे बाळा. न्हायतरी ते रिकामेच पडलेत."

एम.एस्सी. झालेला तो पोरगा खाली बसला. पाना घेऊन आपल्या हातानं बनवलेलं यंत्र सोडवलं आणि ते चुंबक आईच्या पायाला फडक्यानं बांधले. मी दारात उभा होतो. भाभी मला बघून हसल्या, "काय भाऊ, आता बघा, माझा काटा उठतो काय!"

नाही उठला. वर्षाच्या आत गेल्या त्या. हाशिम मस्कतला निघून गेला. तिथं तेलाच्या नळांवरचे मीटर बघतो म्हणे. तिथं त्याला कुणाकडे हंडा मागावा लागत नाही. जाताना चुंबक मला परत देऊन गेला. स्पीकर दुरुस्त करून मी ते पुन्हा बसवले, त्या कोपऱ्यातल्यात आहेत. आत्ता बुवांचा आवाज त्यातूनच येईल.

नळ? नळ तोच आहे, चाकही तेच. अजून फिरतंय.

ते बघा, पेटीवाला आला. मी आता गप्प बसतो. एवढंच करा, सकाळी तुमचा नळ फुसफुसला आणि पाण्याची वाट बघत तुम्ही घागर धरून उभे राहिलात, तर त्या वेळात हबीबाभाभींचं नाव मनात घ्या. देवाच्या नावाशेजारी घेतलंत तरी चालेल. त्याला राग येणार नाही.