लसूणघासातला पट्टा

गिस्लेन पोमरलोनं शेवटचा खिळा फळीत ठोकला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. वाटेच्या आडवी आता नारिंगी जाळी होती, जाळीच्या मधोमध फळी आणि फळीवर तिच्याच हातची लाल अक्षरं: वाट बंद, खाजगी जमीन. फळी डावीकडे जराशी कलली होती. कलू दे, ती स्वतःशीच म्हणाली. रेआल किरियोंला वाचता आली म्हणजे झालं.

सार्जंट मोद लाकास आपल्या बर्फगाडीला टेकून उभी होती. गाडीवर पोलिसांचा निळा दिवा, अंगात जाड निळा सूट आणि भुवयांवर दव गोठलेलं. पोरगी तीसचीही नसेल, पण पुलाजवळ उभी राहून ती एकेकाचे कागद आणि दारूसाठी श्वास तपासायला लागली, की गावातले दांडगे बाप्येसुद्धा शाळेतल्यासारखे ओळीत उभे राहायचे.

"मादाम पोमरलो, आणखी एकदा विचारते. तुम्ही गोठ्यात होता, वारा सुटलेला होता आणि खिडकीतनं दिवा दिसला."

"दिवा दिसला, आवाज ऐकला. वाट आखलेल्या खुंट्यांच्या बाहेर, माझ्या शेतातनं चालला होता. आणि ही काही पहिली खेप नव्हे. वारा सुटला की येतोच मेला. तासाभरात माग बुजतो ना!"

"गाडीचा रंग दिसला?"

गिस्लेननं हातोडी कोटाच्या खिशात घातली. खिसा लहान होता, दांडा बाहेर राहिला.

"पिवळा," ती म्हणाली.

गावात पिवळी बर्फगाडी एकच होती आणि ती कुणाची हे पाद्रीबाबांनाही ठाऊक होतं. उडत्या बर्फात गोठ्याच्या खिडकीतनं माणसाला स्वतःची गाय ओळखू येत नाही, तिथं रंग कुठला दिसायला! पण शब्द तोंडातून गेला आणि जिभेला इतका गोड लागला, की परत घ्यावासाच वाटेना.

"कोर्टात हेच सांगाल?"

"हात वर करून सांगेन."

सार्जंटबाईंनी मान हलवली, शिरस्त्राण चढवलं आणि त्या गावाच्या दिशेनं निघून गेल्या. संध्याकाळच्या आत रेआल किरियोंच्या हातात दंडाचं चलन पडलं: परवानगी नसताना, आखलेली वाट सोडून, दुसऱ्याच्या जमिनीतून गाडी चालवल्याबद्दल. आणि रेआल कोण, तर बर्फवाटा सांभाळणाऱ्या क्लबचा अध्यक्ष! खुंट्यांच्या आत राहा, मालकाच्या शेताला धक्का लावू नका, असं प्रत्येक हिवाळ्यात लोकांना बजावणारा. गिस्लेननं त्या रात्री वाटाण्याच्या सूपचे दोन वाडगे घेतले.

ही वाट तिच्या शेतातून जायची ती लोरिएच्या शब्दावर. लोरिए म्हणजे तिचा नवरा. त्यानं तरुणपणी रेआलच्या बापाच्या हातात हात दिला होता, बस. त्यावर दर ऑक्टोबरात क्लबचा अध्यक्ष दारात यायचा, हातातला मोजा काढायचा, हात पुढे करायचा आणि वाट पुन्हा वर्षभर खुली व्हायची. शेतमालक नाही म्हणाला, तर तिथून पुढे वाट संपली. पोलीससुद्धा मग मालकाच्याच बाजूनं उभे राहतात. या मुलखात जमीनवाल्याच्या हातात दुसरी कुठली सत्ता नसेल, पण एवढी आहे.

लोरिए पाच वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेला. पुरायचा दिवस शनिवार आला आणि त्याच शनिवारी क्लबची वार्षिक मिरवणूक होती. गिस्लेननं फोन केला होता. एक दिवस पुढे ढकल, एवढंच म्हणाली होती.

"पाहुणे निघालेत गं," रेआल म्हणाला होता. "वाटेतनं परत कसं पाठवू?"

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून सगळी मिरवणूक गेली. भोंगे वाजवत, झेंडे लावून. शववाहिका अंगणात उभी होती, कारण रस्ता ओलांडायला जागाच मिळेना. काळ्या कोटातली माणसं बूट आपटत उभी राहिली आणि लोरिए आपल्याच दारात थांबून राहिला, कधी नव्हे तो मुकाट्यानं. गाड्यांच्या धुराचा वास तिच्या काळ्या टोपीला कितीतरी दिवस येत होता.

त्याच वर्षी ती वाट बंद करू शकली असती. पण मेलेल्या माणसानं दिलेला हात उगाच काढून घेता येत नाही. गाव म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं. तिला कारण हवं होतं, सगळ्यांना पटेल असं. म्हणून पुढची पाच वर्षं दर ऑक्टोबरात तिनं रेआलचा हात हातात घेतला आणि पाचही वेळा नंतर साबणानं धुतला.

चलन मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी रेआल आला. पायरीवरच उभा राहिला. तिनंही आत ये म्हटलं नाही.

"गिस्लेन, तो मी नव्हतो."

"मग कोण होता?"

"ते मला काय ठाऊक? मी त्या दिवशी खुंट्या बघायला गेलो होतो, एकटाच. साक्षीदार कुठनं आणू? पण तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी कुणाच्या लसूणघासावर गाडी घालीन का?"

"ओळखते ना. चांगलीच ओळखते."

"क्लबवाल्यांनी मला उतरायला सांगितलंय अध्यक्षपदावरनं."

"अरे अरे!"

त्यानं टोपी हातात फिरवली. म्हातारा दिसत होता मेला. गिस्लेनला बरं वाटलं.

"एवढी खात्री आहे ना तुला तुझी," ती म्हणाली, "मग मे महिन्यात ये. शेतच सांगेल."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती ते सगळीकडे म्हणत सुटली. पोस्टात म्हणाली, प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी पिताना म्हणाली, सार्जंट लाकासला फोनवर म्हणाली. आणि त्यात खोटं काही नव्हतं. भुसभुशीत बर्फ शेताला गोधडीसारखा असतो. त्यावरून पुन्हा पुन्हा गाडी गेली, तर तो दबून त्याची लादी होते, थंडी थेट मुळाशी उतरते आणि त्या पट्ट्यातला लसूणघास मरतो. वारा वरचा माग बुजवेल, खालचं मरण थोडंच बुजवणार! बर्फ वितळून शेत हिरवं झालं, की कोण कुठून आला आणि कुठे गेला ते आंधळ्यालाही दिसतं. सार्जंटबाईंनी लिहून घेतलं: मे महिन्यात येऊन फोटो काढणे.

तो हिवाळा गिस्लेनला फार सुखाचा गेला. वाट तिच्या जाळीपाशी संपत होती, त्यामुळे लांबून येणारे लोक दुसऱ्या गावांकडे वळले. पुलापलीकडचं रेआलचं खाण्याचं दुकान, एरवी शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची तिथं, आता खिडकीतनं नुसता टीव्ही दिसायचा. गिस्लेन मुद्दाम त्या रस्त्यानं जायची. गाडी हळू करायची. एकदा रेआलची बायको काउंटर पुसताना दिसली. स्वच्छच होता तो, तरी पुसत होती. गिस्लेननं तिला हात केला.

एक यानिक तेवढा तिच्या आनंदात सामील नव्हता. यानिक तिचा एकुलता मुलगा, लाकडाच्या गिरणीत कामाला. शेताच्या दुसऱ्या टोकाला, सीडरच्या झाडांच्या रांगेपलीकडे एकटाच राहायचा. त्या हिवाळ्यात तो फार गुणी झाला होता. न सांगता लाकडं फोडून द्यायचा, छपरावरचा बर्फ काढायचा. स्वतःची बर्फगाडी मात्र निळ्या ताडपत्रीखाली घालून ठेवली होती. पट्टा तुटलाय म्हणाला.

"आई, ते शेत नांगरून टाक ना यंदा," एप्रिलमध्ये तो म्हणाला. "ओट पेर. मी येतो नांगरायला."

"दुसऱ्या वर्षाचा लसूणघास नांगरू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तसाही मेलाय थोडा."

"मेलाय तोच तर दाखवायचाय मला."

ताटातला बटाटा यानिकनं काट्यानं बारीक केला आणि तसाच ठेवून उठला.

मे उजाडला. सार्जंटबाईंचा फोन आला, उद्या दुपारी येते म्हणून. गिस्लेननं संध्याकाळच्या धारा लवकर उरकल्या, केस विंचरले, धुतलेलं स्वेटर घातलं आणि शेताकडे निघाली. आपलं शेत आधी आपण डोळे भरून पाहावं, मग पोलिसांनी.

जाळीपासून थोड्याच अंतरावर पट्टा सुरू होत होता. चहुकडे घोट्याएवढा हिरवागार घास आणि त्यातून गेलेली तपकिरी मेलेली रेघ, चोथ्याच्या रंगाची. "हे बघ रेआल," ती मोठ्यानं म्हणाली, "हे बघ, हे बघ!" पट्टा उंचवट्यावर चढत होता. तिथून तो उजवीकडे, रस्त्याच्या अंगाला वळणार, पुलाकडे आणि दुकानाकडे, हे ती गृहीतच धरून चालली होती.

उंचवट्यावर पट्टा डावीकडे वळला. थोडा वळसा घेऊन पुन्हा सरळ झाला. ती पुढे गेली, थबकली आणि मागे आली.

वळशाच्या पोटात दगडांचा ढीग होता. बसका, गुडघ्याएवढा. दर वसंतात जमीन नवे दगड वर काढते आणि दर वसंतात ते वेचावे लागतात. ती आणि लोरिए वेचायचे, मागून यानिक पत्र्याची बादली घेऊन यायचा आणि सगळं या ढिगावर ओतलं जायचं. हिवाळ्यात हा ढीग बर्फाखाली पुरता गडप होतो. कुठे आहे ते परक्याला कळायचंच नाही. वर खूण नाही, काठी नाही.

पट्टा मात्र त्याला हातभर अंतर राखून, न अडखळता वळून गेला होता.

पुढे चालायची गरज नव्हती, तरी ती चालली. पट्टा ओढ्यावरच्या फळ्यांवरून गेला होता. पोराला शाळेची बस गाठता यावी म्हणून लोरिएनं टाकलेल्या फळ्या. मग सीडरच्या रांगेतली फट. फटीपलीकडे निळी ताडपत्री. पुलावर सार्जंट लाकास श्वास तपासत उभी असते आणि हा रस्ता पूल टाळून घरी येतो, इतकं साधं होतं ते.

गिस्लेन मागे येऊन दगडांवर बसली. राग आला तो आधी यानिकचा आला, हिवाळाभर फोडलेल्या त्या लाकडांसकट. मग स्वतःच्या जिभेचा आला. आणि शेवटी, याची तिला लाजही वाटली नाही, रेआलचा आला. निर्दोष असायला ह्याला हीच वेळ मिळाली होती!

सकाळी धारा होताच तिनं ट्रॅक्टरला नांगर जोडला. नुसत्या पट्ट्यावरून फिरवला असता तर नांगरानंच तो आखून दिला असता. म्हणून सगळं शेत. वर्षाचा चारा, गुरांच्या तोंडचा, हिरवाच्या हिरवा मातीखाली चालला होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

निम्मं झालं असेल, तेव्हा कुंपणापाशी रेआलची गाडी दिसली. रस्ता तिथं शेतापेक्षा उंच आहे. तो उतरून तारेला टेकून उभा होता, घाई नसल्यासारखा. तिनं इंजिन बंद केलं आणि चालत गेली.

"लसूणघास नांगरतेयस? दुसऱ्याच वर्षी?"

"थंडीनं मेला."

"हो. वाईटच होती यंदा थंडी." त्यानं सीडरच्या रांगेकडे पाहिलं, बराच वेळ. "काल संध्याकाळी मी इथनंच गेलो. उन्हं तिरपी होती. अगदी स्वच्छ दिसत होतं सगळं. दगडांना दिलेला वळसासुद्धा."

गिस्लेन तारेवरचा गंज नखानं खरवडत राहिली.

"कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही. दुपारी येतेय ना ती पोरगी?"

"येऊ दे. तिला सांगते, उडत्या बर्फात रंग दिसत नाही. माझी चूक झाली म्हणून."

"तूच सांगायचं. मी नाही. आणि पोस्टातही तूच सांगायचं. चर्चच्या तळघरातही. जिथं जिथं शेत बोलेल म्हणालीस ना, तिथं तिथं."

"सांगेन."

रेआलनं हातातला मोजा काढला. मे महिन्यात मोजा कशाला घालतो माणूस, हे तिला तेव्हा कळलं. त्यानं तारेवरून हात पुढे केला.

"ऑक्टोबरची वाट कशाला बघायची?" तो म्हणाला. "लोरिएनं दिला होता तसा दे."

तिनं हात दिला. तिच्या हाताला वंगण होतं. रेआलनं तो सोडायची घाई केली नाही.

"मिरवणूक फेब्रुवारीत आहे," तो म्हणाला. "शनिवारी. तुझ्या खिडकीखालनंच जाईल. तू बाहेर येऊन झेंडा दाखवलास तर पाहुण्यांना बरं वाटेल."

त्यानं मोजा पुन्हा घातला, टोपीला बोट लावलं आणि गाडीत बसून गेला.

गिस्लेन ट्रॅक्टरवर चढली. दगडांच्या पलीकडचा पट्टा शिल्लक होता, तो ओढ्यापर्यंत उलथून झाला. मग लांबच्या पुलावरून वळसा घालून ती सीडरच्या बाजूला आली. यानिक फटीत उभा होता, हातात कॉफीचा मग. किती वेळ उभा होता कोण जाणे. तिला पाहून त्यानं हात वर केला आणि काहीतरी बोलला. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही आणि तिनं इंजिन काही हळू केलं नाही.

फटीपाशी शेत संपतं. तिथं नांगर उचलायचा असतो. यानिक बाजूला झाला, मग आणखी बाजूला झाला, मगातली कॉफी त्याच्या बुटांवर सांडली. गिस्लेननं नांगर उचलला नाही. अंगणातलं गवत मागे उलथत ती सरळ निळ्या ताडपत्रीच्या दिशेनं चालली होती.